नावगाडीचा मागचा दिवा

नामदेव गेल्याचं मला वखारीत कळलं. सागाच्या फळ्या उतरवून घेत होतो, अंगभर भुसा उडालेला, तेवढ्यात शेजारच्या भुसार दुकानातला हमाल फाटकात येऊन उभा राहिला. "काय रे?" म्हटलं, तर खाली बघत म्हणाला, "तुमच्या साडूंचा निरोप हाय... सकाळी जेवून पडलं ते उटलंच न्हाईत." हातातली फळी मी तिथंच टाकली आणि बाळीवेशीबाहेरच्या त्याच्या अंगणापर्यंत पळत गेलो. तिथं आमच्या नावगाडीशेजारी त्याला ठेवला होता. मी रडलो. चारचौघांत, बायाबापड्यांच्या देखत, ओक्साबोक्शी रडलो. लोकांनी धरून बसवलं, पाणी पाजलं. पाठचा भाऊ गेला तरी कुणी इतकं रडत नाही, असं कुणीतरी म्हणाल्याचंही आठवतं. आज त्या रडण्याचा मला संताप येतो. एखाद्याला दिलेली वस्तू मागून घेता येते, पण रडणं काही परत मागता येत नाही.

या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं, नामदेवाला सगळं सोलापूर ओळखत होतं, तुम्ही त्याच्या घरचे, चार चांगले शब्द लिहा. चांगले शब्द माझ्याकडे आहेत, ते खरे आहेत, आणि ते मी आधी लिहितो. पण त्यांच्या मागून जे येणार आहे तेही छापावं लागेल. ते गाळायचं असेल तर सगळंच परत करा, माझं काही म्हणणं नाही.

आम्ही साडू. त्याची बायको, आमची अक्का, ही माझ्या बायकोची थोरली बहीण. तोंडावर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो, पण मनात तो माझा 'तो'च होता, म्हणून इथंही तसंच लिहितो. भीमेच्या तरीचा ठेका त्याच्याकडे होता. पावसाळ्यात नदी दुथडी भरली की टेंभुर्णीपलीकडच्या घाटावर आमची नाव माणसं, शेळ्यामेंढ्या, धान्याची पोती असं सगळं अल्याड-पल्याड करायची. वल्ही कोळ्यांच्या हातात, ठेका नामदेवाचा, लॉरीही त्याचीच, आणि ती लॉरी चालवणारा मी. दसरा झाला, पाणी उतरलं, की नाव वर काढायची, सोलापूरला आणायची, उन्हात वाळवायची, फटींत सूत ठोकायचं, डांबर फासायचं आणि मृगाआधी पुन्हा घाटावर नेऊन सोडायची. आधी हे सगळं बैलगाड्यांवरून चालायचं आणि दर खेपेला नावेची एखादी फळी तरी फुटायचीच. मग नामदेवाने एका मोडीत निघालेल्या मोटारीची चाकं आणि आस आणला, लोहाराकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, लांब दांडा बसवला आणि लॉरीच्या मागे कडीत खिळा घालून तो अडकवला. ही आमची नावगाडी. ज्या गावात उन्हाळ्यात घागरीसाठी भांडणं होतात त्या गावातून रस्त्यावर नाव चालली म्हटल्यावर काय विचारता! बाळीवेशीत लोक दुकानं सोडून बघायला यायचे. "नामदेवराव, भीमा हिकडं आली का तुमी तिकडं चाललाव?" असं कुणी विचारलं की हा नावेत उभा राहून दोन्ही हात जोडायचा. हौशी माणूस. माझ्यासारख्या तोंड पाडून गाडी चालवणाऱ्याला अशा हौशी माणसाची फार गरज असते.

नावगाडीच्या मागे लाल दिवा हवा, हा पोलिसांचा नियम. नामदेवाने तो बसवला होता. मागच्या आडव्या पट्टीवर लोखंडी पायावर उभा, लाल काचेचा, लॉरीच्या बॅटरीवर चालणारा. आणि त्या दिव्यापायी आमची एक रीतच पडून गेली होती. निघताना मी पुढे बसून बटण दाबायचं आणि ओरडायचं, "लागला का?" आणि त्याने मागे उभं राहून दिवा बघायचा आणि ओरडायचं, "लागला!" तो "लागला" ऐकल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. दिवस असला तरी. एकदा अक्का माझ्या बायकोला हसत म्हणाली होती, "ह्या दोगांचं लगीन लागलंय का काय, रोज इचारत्यात लागला का, लागला का..." आम्ही दोघंही लाजलो होतो.

तो दिवा मात्र नखऱ्याचा. अंगणात लख्ख लागायचा आणि रस्त्याला लागलं की विझायचा. मला वाटायचं काच फुटली, आतला विजेचा गोळा गेला, बॅटरी बसली. मी खाली उतरून दिव्याला बुक्की मारायचो. नामदेवाला ते आवडायचं नाही. त्याने एक हत्यार केलं होतं, त्याला तो 'वैद्य' म्हणायचा. पत्र्याच्या डबीत बसवलेला एक लहानसा गोळा, त्याला दोन तारा, एका तारेच्या टोकाला गोणपाट शिवायचं दाभण, दुसऱ्याच्या टोकाला चिमटा. हा वैद्य घेऊन तो गाडीखाली सरपटायचा आणि पडल्या पडल्या मला शिकवायचा. "साडू, दिव्याला मारू नगा. त्येला इचारा. आदी ह्ये इचारा, तुज्यापतुर वीज आली का?" मग दाभण तारेत टोचायचा, चिमटा लॉरीच्या अंगाला लावायचा, वैद्य पेटला की म्हणायचा, "आली. आता इचारा, आली तशी माघारी जातिया का?" चिमटा लॉरीवरून काढून नावगाडीच्या सांगाड्याला लावायचा, आणि वैद्य विझायचा. "बगा. वाट न्हाय तिला माघारी जायला. आली आन् अडकून बसली." वीज लॉरीतून एका तारेने दिव्यापर्यंत जाते, पण परत जायचं ते गाडीच्या लोखंडातूनच, पायातून सांगाड्यात, सांगाड्यातून दांड्यात, दांड्यातून कडीखिळ्यातून लॉरीत. मध्ये कुठं गंज, वंगण, धूळ आली की वाट बंद. मी चालवताना गाडी ओढली की खिळा एका अंगाला, ब्रेक दाबला की दुसऱ्या अंगाला, म्हणून दिवा मनाला येईल तसा लागायचा. हे कळल्यावर खिळा चिंधीने पुसून घेणं हे माझं रोजचं काम झालं.

आणखी एक गोष्ट तो नेहमी सांगायचा, ती इथं लिहून ठेवतो कारण तिच्यामुळेच पुढचं सगळं घडलं. "नुसता लागला म्हंजे बरा झाला न्हवं, साडू. का इजला हुता ते बगिटल्याबिगर हात धुवायचं न्हाईत." मी म्हणायचो, लागला ना, चला मग. तो ऐकायचा नाही. लागलेल्या दिव्याचाही पाय सोडवून खाली काय आहे ते बघायचा. असला चिकित्सक माणूस मी दुसरा बघितला नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, गाड्यांची पूजा. नामदेव नावगाडी नुसती धुवायचा नाही, रंगवायचा. दरसाल नवा रंग, कुठून स्वस्तात मिळेल तो. पहिल्या वर्षी शेंदरी. दुसऱ्या वर्षी हिरवा, पिकलेल्या लिंबाच्या झाडावरच्या पोपटासारखा भडक हिरवा. त्या हिरव्याच्या वर्षी त्याने सगळं सोडवून रंगवलं. चाकं काढली, खिळा काढला, दिव्याचा पाय काढला, इंच-इंच रंग फासला आणि पुन्हा आवळलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. दिवा लावून बघितला. लागला. सोनं लुटून झालं आणि आम्ही नाव आणायला घाटावर गेलो.

परतताना कोळ्यांचा हिशोब करायला नामदेव मागे राहिला. नाव चढवून, दोर आवळून मी पुढे बसलो. "लागला का?" मागून आवाज आला, "लागला!" मी निघालो. टेंभुर्णी सोडली, कंदील लावायची वेळ झाली होती, उजेड असून नसल्यासारखा. एका वळणाच्या पुढे मागून आवाज आला, नाव हादरली, लॉरी पुढे ढकलली गेली. मागून येणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार आमच्या नावेवर येऊन आदळली होती. डांबर फासलेली काळी नाव त्या अंधुक उजेडात त्या डायव्हरला दिसलीच नव्हती. मोटारीच्या मडगार्डला आमचा अजून न वाळलेला हिरवा रंग लागलेला. आत बायका ओरडत होत्या. डायव्हरच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचा पाय मोटारीच्या तोंडात अडकला होता. तो बिरूबा, जेऊरकडचा धनगर, मेंढ्यांच्या बाजाराहून घरी चाललेला. त्याला सोडवताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. "दिवा न्हवता. म्या बगत हुतो. दिवा न्हवता." मी मागे बघितलं. पट्टीवरच्या दिव्याला ओरखडाही नव्हता, आणि तो विझलेला होता.

मी बिरूबाबरोबर सोलापूरच्या दवाखान्यात गेलो आणि तिथंच थांबलो. लॉरी आणि नावगाडी दुसऱ्या डायव्हरने अंगणात आणून लावली. नामदेव पहाटेच्या आगगाडीने घरी पोचला. सकाळी मी अंगणात गेलो तेव्हा फौजदार आलेला होता. तो म्हणाला, दिवा लावून दाखवा. नामदेवाने पुढे बसून बटण दाबलं, आणि दिवा लख्ख लागला. फौजदाराने दिवा हलवला, सांगाड्याला लाथ मारली, लॉरी पुढे-मागे करून बघितली. लागलेलाच. मग तो माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "साहेब, मी लावला होता. निघताना साडूंनी बघितला होता." नामदेवाने मान हलवली. "व्हय साहेब, निगताना लागला हुता. त्ये खरं हाय." आणि मग जरा थांबून, अगदी मऊ आवाजात... "साडू बॅटरी जपून वापरत्यात. कदी कदी मदीच इजवत असतील."

तो आवाज मला आजही ऐकू येतो. त्यात आरोप नव्हता. माझी बाजू सावरून घेतोय असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं! त्या काळी बॅटरी वाचवायला डायव्हर लोक दिवा विझवायचे, हे खरंच होतं. मी विझवत नसे. पण त्या सकाळी लख्ख लागलेल्या दिव्यासमोर उभं राहून मी स्वतःला विचारलं, नक्की? टेंभुर्णी सोडल्यावर हात बटणाकडे गेला नव्हता, नक्की? आणि मला शपथ घेता येईना. धडक बसल्यावर मी सवयीने सगळी बटणं बंद केली होती, त्यामुळे बटण कसं होतं हेही सांगता येईना. दिवा लागतो आहे, बटण माझ्या हातात होतं, म्हणजे मीच. फौजदाराने लिहून घेतलं आणि मी सही केली.

लायसन गेलं. बिरूबाचा पाय गुडघ्यात वाकडा जुळला. मेंढरामागे चालणं संपल्यावर त्याने कळप विकला आणि तो जेऊरला लेकाच्या दारात बसून लोकर कातू लागला. मला मोटार चालवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. गावात कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण लहान मुलं बाळीवेशीत मला बघून "दिवा लावा, दिवा लावा" म्हणून ओरडायची, आणि मोटारींच्या अड्ड्यावर मी गेलो की गप्पा थांबायच्या. मी घरात तोंड लपवून बसलो. तेव्हा नामदेव आला. माझ्या शेजारी बसला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या साडू. मानसाच्या हातनं हुतंय." त्यानेच वखारीत शब्द टाकून मला कामाला लावलं. दर दिवाळीला धोतरजोडी यायची, हिला लुगडं यायचं. अडीअडचणीला तो न बोलावता यायचा. मी घरोघरी सांगत फिरायचो, असा साडू नशिबाने मिळतो.

त्यानंतर लवकरच त्याने नावगाडीच्या दिव्याला एक दुसरी तार ओढली. परतीची तार. लोखंडावर विसंबायलाच नको म्हणून दिव्यापासून थेट लॉरीपर्यंत. मी विचारलं, आता कशाला? दिवा तर लागत होता. म्हणाला, "आसू द्या. जास्तीची हाय." पुढच्या खंडेनवमीला नावगाडी निळी झाली, मग पिवळी, मग कसली-कसली. "लागला का?" विचारायला आता दुसरा डायव्हर होता, आणि नामदेव पूर्वीसारखाच मागून ओरडायचा. वखारीतून कधी लवकर सुटलो तर तो आवाज ऐकायला मी मुद्दाम बाळीवेशीवरून यायचो.

दिवाळी झाली की मी जेऊरला बिरूबाकडे जात असे. ज्वारी न्यायचो, त्याच्या दारात बसायचो, तो लोकर कातायचा, मी बघायचो. काही बोलणं व्हायचं नाही. नामदेव कधी बरोबर आला नाही. "मला नगा न्यू, साडू. मला त्येचा पाय बगवत न्हाय," म्हणायचा, आणि माझ्याकडे बिरूबासाठी तंबाखू द्यायचा. किती हळव्या मनाचा, असं मला वाटे.

तो गेला श्रावणात. दिवसपाणी झाल्यावर अक्काने नावगाडी विकायची ठरवली. करमाळ्याकडचा एक ठेकेदार बघून गेला. सगळं पसंत पडलं, फक्त म्हणाला, मागचा दिवा लागत नाही, तेवढा करून ठेवा. अक्काने मला बोलावलं. त्या अंगणात लायसन लागत नाही. भिंतीवरच्या खुंटीला नामदेवाचा वैद्य लटकत होता. तो हातात घेतला तेव्हा माझे डोळे पुन्हा भरून आले, हेही लिहितो. गाडीखाली सरपटलो आणि त्याने शिकवलं होतं तसं एकेक विचारत गेलो. वीज आली का? आली. माघारी जाते का? जात नाही. परतीची तार हाताने चाचपत दांड्यापर्यंत आलो, तर तिथं उंदरांनी ती कुरतडून तोडलेली. दोष सापडला. तोडकी टोकं पिळून बांधली असती तर माझं काम झालं होतं.

पण कानात त्याचाच आवाज. का इजला हुता ते बगिटल्याबिगर हात धुवायचं न्हाईत... तार तुटली ती आता. पण तारेची गरजच का पडावी? पूर्वी लोखंडातून दिवा लागत होताच की. मी पाना घेतला आणि दिव्याचा पाय सोडवला. त्या पायाला बरीच वर्षं कुणी हात लावलेला नव्हता. खाली निळा रंग. बाजूच्या पट्टीवर सहज चाकूने खरवडून बघितलं, रंगांचे पापुद्रे सुटत गेले. वरचे सगळे, मग निळा, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली शेंदरी, मग लोखंड. पायाखालचा निळा खरवडला. त्याखाली हिरवा नव्हता. थेट लोखंड, आणि लोखंडावर कानशीच्या रेघा, एका दिशेने, घाईघाईने ओढलेल्या. पायाच्या कडेला तेवढा हिरवा उरला होता, कापून टाकल्यासारखा. भोकाच्या आतसुद्धा तसंच.

मी तिथंच मातीत बसून राहिलो. त्या खंडेनवमीला हौशीने त्याने पायाखाली, भोकाच्या आत, सगळीकडे हिरवा रंग भरला होता. विजेची माघारीची वाट रंगाने बुजली होती. अंगणात नटबोल्ट घट्ट होते तोवर कुठंतरी टेकत होतं म्हणून लागला, घाटावरही लागला. रस्त्याने हादरे बसल्यावर विझला. आणि हिरव्यानंतर, निळ्याच्या आधी, कुणीतरी कानस मारून ती वाट मोकळी केली होती. मग रेघा झाकायला वर निळा फासला, आणि निळ्याने वाट पुन्हा बुजणार म्हणून तार ओढली. जास्तीची तार! मी दिवा विझवला नव्हता. इतकी वर्षं रोज झोपताना मी त्या रस्त्यावर जाऊन माझा हात बघत होतो, बटणाकडे जातो की नाही बघत होतो. तो हात गेलाच नव्हता.

अक्का चहा घेऊन आली. मी विचारलं, "अक्का, या दिव्याखाली कानस कुणी मारली?"  तिने कपबशी नावगाडीवर ठेवली आणि म्हणाली, "मीच दिली की हातात. फौजदार यायच्या आदी. उजाडत हुतं."

"आणि मला सांगितलं नाही."

"दोन घरं हुती, पाव्हणं. नावगाडीत खोट निगाली तर तरीचा ठेका जातुया, आन् दोनी चुली इजत्यात. डायवरची चूक निगाली तर लायसन जातंय, येकाचंच. तेवढंच बगिटलं त्येनी."

"मला विचारायचं होतं. एका शब्दाने विचारायचं होतं. मी घेतलं असतं अंगावर."

"त्येच की," अक्का म्हणाली. "तुमी व्हय म्हनला असता. मग त्येना जल्मभर तुमच्या उपकारात ऱ्हावं लागलं असतं. त्यास्नी ते झेपलं नसतं."

आणि मला झेपलं! त्याच्याऐवजी मी त्याच्या उपकारात राहिलो. त्याची धोतरं नेसलो, त्याने लावून दिलेल्या वखारीत भुसा खाल्ला, त्याच्या "मानसाच्या हातनं हुतंय" वर जगलो. दोन घरं वाचवली म्हणतात, ते मी मान्य करतो. त्याने कुणाला उपाशी ठेवलं नाही. लायसन गेल्याचाही राग नाही मला, देवाशपथ नाही. मी ते हसत दिलं असतं, आणि सगळ्या बाळीवेशीने मला नावं ठेवली असती तरी मी आत ताठ राहिलो असतो, कारण मला खरं ठाऊक असतं. त्याने माझ्याकडून लायसन घेतलं नाही, माझा माझ्यावरचा विश्वास घेतला, आणि वर पाठीवर हात ठेवला. त्या हाताचा मला राग आहे. माझ्या बायकोला हे ठाऊक होतं का, ते मी अजून विचारलेलं नाही. बहिणी-बहिणी आहेत. ती वाचू शकत नाही, पण हे छापून आल्यावर शेजारचं कुणीतरी वाचून दाखवेल, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून काय ते कळेल.

दिवा तसाच टाकून मी जेऊरला गेलो. दिवाळी अजून लांब होती, मला अवेळी बघून बिरूबाने चाती थांबवली. मी त्याला सगळं सांगितलं, रंग, कानस, तार. माझा आवाज चढला होता. कुणाला तरी हे सांगितल्यावर माझं ओझं उतरेल असं वाटत होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो मला अजूनही डायवरच म्हणतो. "डायवर, दिवा न्हवता, येवडंच मला ठाव. त्यो तुमी इजवला का तुमच्या साडूनं, त्येनं माजा पाय काय सरळ हुतुया?"  त्याने पुन्हा चाती फिरवायला घेतली, आणि वर न बघता विचारलं, "पर येक सांगा. तुमची चूक न्हवती म्हनताय... मग आता वर्साला येनार का न्हाय?"

मी म्हटलं, येईन.

परत आलो आणि दुसऱ्या दिवशी दिवा केला. पायाखालचा सगळा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, भोक साफ केलं, नवी परतीची तार ओढली. दोन्ही वाटा मोकळ्या. खंडेनवमी जवळ आली होती, अक्का म्हणाली यंदा रंग नको, मीही म्हटलं नको. संध्याकाळी लॉरीत जाऊन बसलो. ते आसन, ते चाक, बटणावरचा झिजलेला पितळी डोळा, सगळं तसंच. मी बटण दाबलं, आणि काही कळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "लागला का?"

मागे कुणी नव्हतं. मी तरीही थांबून राहिलो, इतक्या वर्षांची सवय. तो असता तर ओरडला असता, आणि एवढं सगळं कळल्यावरही मी गाडी सोडली असती, याची मला खात्री वाटली आणि त्याची फार चीड आली.

ओट्यावर अक्का गहू निवडत बसली होती. तिथून तिला नावगाडीची मागची बाजू दिसते. तिने मान वर केली. "लागला, पाव्हणं," ती म्हणाली.

मी खाली उतरलो, मागे गेलो आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.